कपाटावरचा ॲम्प्लिफायर आणि टेबलावरचा संगणक

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे जाऊ लागले म्हणजे डाव्या अंगाला उजनीच्या फुगवट्याचे पाणी आणि भोवताली उसाचे फड असा जो टापू लागतो, त्यातच महसुली दप्तरात एक, दोन व तीन अशा क्रमांकांनी नोंदलेले डाळज हे गाव आहे. या टापूतील खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतून गेल्या चार दशकांत दोन यंत्रे येऊन राहिली आहेत. त्यांपैकी पहिले, म्हणजे कोणा शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन, कोणा कारखान्याच्या नोकरदाराने दिवाळीच्या बोनसातून, तर कोणी आखाती मुलखातून परतताना विमानतळावर जकात भरून आणलेला ॲम्प्लिफायर, त्यासोबतचा कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांतले दोन जड स्पीकर. आणि दुसरे, म्हणजे मुलांच्या एमएस-सीआयटीसाठी किंवा २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी हप्त्याने घेतलेला संगणक. पहिले यंत्र कॅसेटी मिळेनाशा झाल्यापासून कपाटावर भरतकामाच्या रुमालाखाली झाकून पडले आहे. दुसरे टेबलावर रोजच्या वापरात आहे. आणि घरातले गाणे मात्र या दोहोंना वगळून मोबाइलच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून ऐकले जाते. दोन्ही यंत्रे धडधाकट असताना, आणि त्या दोहोंची गाठ घालून देणारी मुठीत मावणारी वस्तू हजार-दोन हजार रुपयांपासून मिळत असताना, ही गैरव्यवस्था चालू राहावी याचे कारण पैशाचा अभाव हे खचित नव्हे. ध्वनीवर आपल्याकडे खर्च पुष्कळ होतो. परंतु तो बहुतांशी दुसऱ्याला ऐकवण्यासाठी होतो, स्वतः ऐकण्यासाठी फारच थोडा, आणि माझी तक्रार नेमकी या जमाखर्चाविषयी आहे.

या मुठीत मावणाऱ्या वस्तूला बाजारात ‘डॅक’ म्हणतात. संगणकाच्या पोटात गाणे म्हणून जे साठवलेले असते ती केवळ संख्यांची रास असते, आणि त्या संख्यांबरहुकूम कमीजास्त होणारा विजेचा दाब निर्माण करून तो ॲम्प्लिफायरच्या हवाली करणे एवढेच या वस्तूचे काम. नेदरलँड्समधील फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली कॉम्पॅक्ट डिस्कचे जे मानक ठरवले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात ज्याची प्रत्यक्ष विक्री सुरू झाली, त्यानुसार प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतले जाते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर नोंदले जाते. ४४,१०० हा आकडा कोठून आला, असे कुतूहल वाचकास वाटेल, तर त्याचे उत्तर संगीतात नसून दूरचित्रवाणीत आहे: त्या काळी एवढ्या संख्या साठवण्यास व्हिडिओ टेपखेरीज सोयीचे साधन नव्हते, आणि अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येकी २४५ ओळी, ओळीमागे ३ मापे, तसेच आपल्याकडील पद्धतीत ५० क्षेत्रे, प्रत्येकी २९४ ओळी, ओळीमागे ३ मापे, असा दोन्हीकडून गुणाकार केला असता तोच आकडा येतो. दोन खंडांतील अभियंत्यांच्या सोयीसाठी झालेली ही तडजोड आज डाळजमधल्या टेबलावरच्या संगणकात जशीच्या तशी नांदते आहे.

अंकीय ध्वनी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा, तुटक, कृत्रिम ध्वनी, अशी एक समजूत जुन्या तबकड्यांच्या रसिकांत आढळते, आणि ती मोठ्या आस्थेने बाळगलेली असल्यामुळे तिचे खंडन करताना संकोच वाटतो. तथापि ती चुकीची आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ज्याची सिद्धता मांडली, त्या सिद्धांतानुसार एखाद्या ध्वनीतील सर्वांत चढ्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने मापे घेतली असतील, तर त्या मापांवरून मूळ लहर, मापामापांमधील भागासह, पूर्णपणे परत उभी करता येते. आणि माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांच्या पलीकडे जात नसल्यामुळे ४४,१०० मापे त्याला पुरेशी ठरतात. डॅकच्या बाहेरच्या तारेत पायऱ्या नसतात. तेथे अखंड, वळणदार लहरच असते. पायऱ्या बारीक असल्या-नसल्याचा परिणाम होतो तो केवळ पार्श्वभूमीतील अतिसूक्ष्म खरखरीवर, आणि ती खरखर आपल्या घरातील पंख्याच्या आवाजाखाली केव्हाच बुडून गेलेली असते.

मग प्रत्येक संगणकात असा एक डॅक जन्मतःच बसवलेला असताना दुसरा विकत घेण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न रास्त आहे. संगणकातला हा अंगभूत डॅक स्वतः वाईट नसतो. वाईट असतो तो त्याचा शेजार. प्रक्रियक, स्मृतिपट्ट्या, पंखा आणि विजेचे जलद उघडझाप करणारे मंडल यांच्या गजबजाटात त्याला काम करावे लागते, म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून कोणी तंबोरा जुळवावा तशी त्याची अवस्था होते. संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून थेट ॲम्प्लिफायरला जोडली, आणि माउस हलवताच स्पीकरमधून किड्यांसारखी चिरचिर येऊ लागली, तर ती या शेजाराची करणी समजावी. उलटपक्षी, अशी जोडणी केल्यावर माउस हलवूनही स्पीकर निवांत राहिला, तर शेसव्वाशे रुपयांच्या लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीवर आपले काम भागले असे मानून खुशाल गाणे लावावे. डॅक विकणारा दुकानदार हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

डाळजमधील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी अशी जोडणी होत असताना मी उपस्थित होतो, आणि तेथे जे घडले ते या भागात घरोघर घडण्यासारखे असल्यामुळे तपशिलाने सांगण्याजोगे आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्यांच्या पुतण्याने डॅक लॅपटॉपच्या यूएसबीत खोचला, त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ या भोकांत बसवल्या, आणि बटण दाबताक्षणी, गाणे लावण्यापूर्वीच, दोन्ही स्पीकरांतून जाड, एकसुरी ‘घूं’ असा आवाज निघू लागला. “हा नवा डबा खराब निघाला,” असे गुरुजींचे तात्काळ मत पडले. पुतण्याने थोडा विचार करून विचारले, “आप्पा, चार्जर काढून बघू का?” चार्जर काढला, ‘घूं’ थांबली. पुन्हा लावला; पुन्हा सुरू झाली. मग त्याने चार्जर तसाच ठेवून ॲम्प्लिफायरच्या मागे असलेली, डिश टीव्हीच्या डब्याकडून आलेली दुसरी जोडपिन उपसली, तर चार्जर चालू असूनही आवाज बंद! गुरुजी म्हणाले, “म्हणजे चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून येतंय ते. पक्कड आण, मोडूनच टाकू ती.” त्यावर तो मुलगा म्हणाला, “आप्पा, आवाज जाईल, पण कधीतरी शॉक बसेल. डिशची पिन काढली तरी भागतंय की.”

मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतल्या अर्थिंगशी जोडलेला. डिशची तार गच्चीवरच्या लोखंडी खांबामार्फत निराळ्या ठिकाणी जमिनीला मिळालेली. आणि या दोन जमिनींमध्ये विजेच्या दाबाचा जो किंचित फरक असतो, तो मिटवण्यासाठी आमच्या सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेचा एक क्षीण प्रवाह ऑडिओच्या वायरीच्या बाहेरच्या वेष्टणातून फिरू लागतो. तोच प्रवाह ॲम्प्लिफायर इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. पिन मोडणे हा यावरचा इलाज खेड्यापाड्यांत सर्रास चालतो, आणि तो माणसाच्या जिवाशी खेळ आहे. सरळ उपाय असे, की सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत. नको असलेली तार उपसून ठेवावी. आणि तरीही गुणगुण राहिली, तर संगणकाला व डॅकला दोघांनाही ऑप्टिकल जोडणीची सोय असल्यास ती वापरावी, कारण ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, आणि प्रकाशाबरोबर अर्थिंगची भानगड पलीकडे जात नाही.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे, तर एक स्पष्ट लिहिले पाहिजे. या पट्टीत घरे बांधताना अर्थिंगचा खड्डा हा सर्वांत शेवटी आठवणारा आणि सर्वांत आधी रद्द होणारा जिन्नस आहे. मीठ-कोळशाचा खड्डा घेऊन पट्टी गाडायची मजुरी वाचवून त्याच पैशांत दर्शनी भिंतीला रंगीत फरशी लावणारे घरमालक मी पाहिले आहेत. शिवाय शेतीपंपांना थ्री-फेज वीज ठरावीक तासांच्या पाळीने मिळत असल्यामुळे पाळी सुरू होताच शिवारभरचे पंप एकदम चालू होतात, दाब खाली येतो, आणि ॲम्प्लिफायरचा दिवा मंदावतो. अशा वेळी डॅकची एक जमेची बाजू दिसून येते. तो यूएसबीतून मिळणाऱ्या पाच व्होल्टांवर चालतो आणि लॅपटॉप बॅटरीवर असतो, तेव्हा या दोघांना शिवारातील पंपांचे काही सोयरसुतक उरत नाही. वीज अजिबात गेली तर मात्र संख्यांचे विजेत रूपांतर बिनचूक होत राहते आणि ऐकू काहीच येत नाही.

जोडणी करू इच्छिणाऱ्याने दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुरे. ॲम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ असे लिहिलेले भोक असेल, तर त्यात डॅक कदापि जोडू नये. ते तबकडीच्या सुईकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण विजेसाठी असते, आणि घरात ठेवण्याच्या डॅकमधून साधारण दोन व्होल्ट बाहेर पडत असल्यामुळे तेथे गाणे फाटून कर्कश होते. ‘ऑक्स’, ‘सीडी’, ‘टेप’ यांपैकी कोणतेही भोक चालते. आवाजाचे नियंत्रण संगणकावर पूर्ण ठेवावे आणि कमीजास्त करायचे ते ॲम्प्लिफायरच्या बटणाने, मात्र आरंभी ते शून्यावर आणून. संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये बहुधा ४८,००० हा वेग आधीच भरलेला असतो. गाणी सीडीवरून घेतलेली असतील तर तो ४४,१०० करावा, म्हणजे संगणकाने मधल्यामध्ये नवा हिशेब मांडण्याचे कारण उरत नाही. केला नाही तरी आभाळ कोसळत नाही.

हे सर्व कशासाठी, असे विचारणाऱ्याला मी मोबाइलवर तंबोरा ऐकण्याची विनंती करीन. काळी एक ही पुरुष गायकाची नेहमीची पट्टी घेतली, तर त्याचा मध्य सप्तकातला षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्याही निम्म्यावर, म्हणजे ६९ कंपनांच्या आसपास. मोबाइलचा स्पीकर काही शे कंपनांच्या खाली अक्षरशः मुका असतो. खर्ज त्यातून निघतच नाही. निघतात ते त्याचे वरचे स्वयंभू स्वर, आणि त्यांवरून आपला मेंदू अनुमानाने खालचा स्वर कल्पून घेतो. तबल्याची चाट ऐकू येते, परंतु डग्ग्याचा घिस्सा नाहीसा होतो. पखवाजाच्या धुमेची तर गोष्टच काढायला नको. वर्षानुवर्षे भजनी मंडळात बसणाऱ्या, संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून बेलवाडीच्या रिंगणाला आणि पुढे इंदापूरला जाताना वीणा, टाळ, पखवाज यांचा नाद अंगावर घेणाऱ्या लोकांना नादाच्या खालच्या भागाचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही. त्यांचा कान तयार आहे. त्या तयार कानाला आपण रोज अर्धे गाणे पुरवतो आणि ते गोड मानून घ्यायला लावतो, एवढेच.

कपाटावरच्या त्या जड स्पीकरांत खर्ज वाजवण्याची ताकद आहे. मूळ गाणे संगणकात कोणत्या रूपाने आहे, हाही मुद्दा त्याबरोबर येतो. सीडीवरील ध्वनी सेकंदाला १४,११,२०० अंशांचा (बिट्सचा) असतो. एमपी-थ्रीच्या हलक्या प्रतीत तो १,२८,००० अंशांवर, म्हणजे अकराव्या हिश्शावर आणलेला असतो. मोबाइलवर हा फरक बहुधा कळत नाही. परंतु चांगल्या स्पीकरवर तंबोऱ्याची जवारी, जी अखंड सूक्ष्म झळाळीने भरलेली असते, ती या हलक्या प्रतीत पाण्यात बुडवल्यासारखी थरथरू लागते. २००१ पासून प्रचारात असलेल्या फ्लॅक या पद्धतीत असे होत नाही, कारण तीत मूळची एकही संख्या गमावली जात नाही. साठवणुकीची जागा आज इतकी स्वस्त आहे, की आपल्या जुन्या कॅसेटी व सीडी संगणकात उतरवताना कंजुषी करण्यास सबब उरलेली नाही.

परंतु याच ठिकाणी दुसऱ्या टोकाच्या मंडळींना आवर घालणे भाग आहे. सीडीच्या चौपटीहून अधिक, सेकंदाला १,९२,००० मापे घेणाऱ्या यंत्रांचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी वायरींचा आणि लाखाच्या घरात किंमत असलेल्या डॅकचा जो एक पंथ शहरांतून माजला आहे, त्याच्या नादी डाळजच्या माणसाने लागू नये. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची १९०५ मधली तबकडी, जी भोंग्यासमोर तोंड करून, मायक्रोफोनशिवाय, जेमतेम तीन मिनिटांत मुद्रित झाली, तिच्यात चढे स्वर मुळातच उतरलेले नाहीत. त्या तबकडीची प्रत १,९२,००० मापांनी ऐकण्याने केवळ तिची खरखर अधिक निष्ठेने ऐकू येईल. यूएसबीच्या वायरीतून संख्या जातात. त्या एकतर बरोबर पोहोचतात किंवा चुकतात, आणि चुकल्या तर ठक्कन आवाज होऊन कळते. वायर महाग म्हणून त्या अधिक सुरेल होत नाहीत. हजार-दोन हजारांचा साधा डॅकही कानाच्या मर्यादेपलीकडे शुद्ध असू शकतो. हाताशी आणखी पैसे असतील तर ते जुन्या स्पीकरच्या कुजलेल्या फोमच्या कडा बदलून घेण्यात, अर्थिंगच्या खड्ड्यात आणि सिमेंटच्या उघड्या भिंतींवर एखादी जाड सतरंजी टांगण्यात घालावेत. यांपैकी प्रत्येक खर्चाने जो फरक पडतो, तो डोळे मिटूनही ओळखता येतो.

आता जमाखर्चाकडे वळू. गळिताच्या हंगामात या महामार्गावरून उसाचे ट्रॅक्टर जाऊ लागले, की त्यांच्या मडगार्डवर बसवलेले बॉक्स एक मैल आधीपासून आपली वर्दी देतात. चालकाला मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, आणि मागच्याला त्या गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. लग्नसराईत व मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या एका रात्रीच्या भाड्यात एका घराची नव्हे, एका आळीची ऐकण्याची व्यवस्था होऊ शकेल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून अस्तित्वात आहेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकास मनाई, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. अंमलबजावणीचे रडगाणे मी येथे गात नाही. माझे म्हणणे निराळे आहे: ज्या गावात ध्वनीसाठी वर्गणी निघते, पावती फाडली जाते आणि हिशेबही चोख ठेवला जातो, त्या गावात सामूहिकरीत्या शांतपणे काही ऐकण्यासाठी एक छदामही वेगळा काढला जात नाही, हे आश्चर्य आहे, कारण एके काळी असे ऐकणे याच प्रदेशाने जगाला दाखवून दिले होते.

१९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले, आणि १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत युनेस्कोच्या साहाय्याने त्या केंद्राने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत मिळून दीडशे खेडी निवडण्यात आली. प्रत्येक खेड्यात सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ बनवण्यात आले. आणि आठवड्यातून दोन वेळा, असे एकूण वीस कार्यक्रम खास त्या मंडळांसाठी प्रक्षेपित झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकावे, ऐकलेल्यावर चर्चा करावी, शक्य ते कृतीत आणावे आणि आपले प्रश्न व आक्षेप केंद्राकडे लिहून पाठवावेत, अशी योजना होती. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले, आणि त्यावरील जगदीशचंद्र माथूर व पॉल न्यूराथ यांचा ग्रंथ युनेस्कोने १९५९ मध्ये प्रकाशित केला. ज्या खेड्यांत श्रोतृमंडळे होती तेथे लोकांच्या माहितीत ठळक भर पडली, आणि जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती त्या मानाने फारच अल्प होती, हा त्यातला निष्कर्ष मला आजही महत्त्वाचा वाटतो. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक एकत्र बसण्याने पडला. १९५९ मध्येच ही योजना देशभर लागू झाली, आणि पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन प्रत्येकाच्या खांद्याला लटकू लागला, तशी ती मंडळेही विरून गेली.

त्या मंडळांना केंद्राने ठरवलेला कार्यक्रम ठरलेल्या वेळी ऐकावा लागे. आज परिस्थिती उलटी आहे. प्रसार भारतीच्या अभिलेखागारातील ध्वनिमुद्रणे यूट्यूबवर उपलब्ध होत आहेत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या इतिहासाचे केवढे तरी काम ‘द रेकॉर्ड न्यूज’ या आपल्या नियतकालिकातून करून ठेवले आहे. आणि आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील मालकी हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपुष्टात येत असल्यामुळे, १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची मुद्रणे त्या बंधनातून केव्हाच मोकळी झाली आहेत. म्हणजे गाणे आहे, ते आणणारी तार गावात पोहोचली आहे, संगणक आहे, ॲम्प्लिफायर आहे, कान आहे. अडले आहे ते टेबलापासून कपाटापर्यंतच्या चार फुटांत.

हे चार फूट घरोघर ज्याने त्याने भरून काढावेतच. परंतु सार्वजनिकरीत्या ते भरण्याची जागा माझ्या मते गावचे ग्रंथालय ही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली, अ, ब, क, ड अशा वर्गांतली ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत, आणि त्यांना सरकारी अनुदान मिळते. अनुदानाच्या नियमांत श्रवणसाहित्यासाठी स्वतंत्र व सुस्पष्ट तरतूद करावी, आणि ती होईपर्यंत ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतून हा खर्च मंजूर करावा, अशी माझी सूचना आहे. बारामतीत मोरोपंतांनी आयुष्यभर ज्या आर्या रचल्या, त्या आर्या मुळात पुस्तकातून डोळ्यांनी वाचण्यापेक्षा पुराणिक-कीर्तनकारांच्या मुखातून ऐकण्यासाठीच होत्या. त्यामुळे ग्रंथालयात ऐकणे म्हणजे ग्रंथांची अवहेलना, असा आक्षेप निदान या भागात तरी कोणी घेऊ नये.

हेडफोन असताना हा खटाटोप कशाला, असे तरुण मंडळी म्हणतील, आणि एकट्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. चांगला हेडफोन पुष्कळ स्पीकरांना लाजवतो. परंतु हेडफोन लावलेला मनुष्य शेजारच्याला “हे पाहा, ही जागा परत ऐक” असे म्हणू शकत नाही, आणि मंडळाने ऐकण्याचा सारा लाभ त्या एका वाक्यात असतो. दुसरा आक्षेप ज्येष्ठांकडून येईल, की आठवड्याभरात त्या यंत्रावर लग्नाची गाणी वाजू लागतील. वाजोत. स्पीकर खोलीपुरता आणि वेळ ठरलेली असली म्हणजे लग्नाची गाणीही नीट ऐकण्यास हरकत नाही. त्यांतही वादक बसलेले असतात, आणि त्यांनी काय वाजवले आहे हे मिरवणुकीत आजवर कोणाला कळलेले नाही.

खर्चाची तजवीज लहान आहे. ॲम्प्लिफायर व स्पीकर कोणाच्या तरी कपाटावरून देणगीदाखल मिळतील, आणि देणाऱ्याच्या घरात जागा झाल्यामुळे गृहिणी दुवा देईल. संगणक ग्रंथालयाच्या दप्तरासाठी बहुधा असतोच. डॅक व वायरी दोन हजारांत. अर्थिंगचा खड्डा आणि एक बोर्ड यांसाठी परवानाधारक वायरमनची मजुरी. फोम बदलण्याचे काम भिगवण, बारामती किंवा इंदापूर येथील जुन्या दुरुस्ती करणाऱ्याकडे, तो अजून दुकान उघडत असेतोवर. किल्ली कोणाकडे राहावी, आठवड्यातून कोणत्या दोन संध्याकाळी बसावे आणि थ्री-फेजची पाळी त्या वेळी कोणत्या शिवाराची असेल, एवढे प्रश्न उरतात, आणि ते १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व २६ जानेवारी यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तिच्या विषयपत्रिकेवर, डांबरीकरण आणि पाणीपट्टी यांच्यानंतर, ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात न टाकता, रीतसर क्रमांक देऊन घेता येण्यासारखे आहेत.